कमरपट्टा आठ महिने, ट्रॉली सहा महिने: गोडाऊनमधला अनुभव

पन्नास किलोची पोती उचलताना कधी काही झालं नाही. कंबर धरली ती तीस किलोच्या तांदळाच्या कट्ट्याने. सकाळी सहाची गाडी, झोपेतून उठून थेट गोडाऊनमध्ये. कट्टा उचलला आणि पाय जागेवर ठेवून नुसतं वळलो. अशी उसण भरली की कट्टा खाली आणि मी त्याच्या शेजारी. रात्रभर आडवं पडलं की मणक्यातल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यामुळे उठल्या उठल्या वाकणं सगळ्यात वाईट, हे मला नंतर कळलं. डॉक्टर म्हणाले, स्नायू दुखावलाय, पडून राहू नका, हिंडत-फिरत राहा.

त्याच आठवड्यात पट्टा घेतला. वाकायला गेलं की पोटात रुततो आणि आपण भानावर येतो, एवढा त्याचा गुण. एप्रिल-मेमध्ये घामाने नकोसा होतो. चौथ्या महिन्यात बारदानाचे धागे अडकून पट्ट्याची चिकटपट्टी (वेल्क्रो) धरेना. खरा घोटाळा वेगळाच: पट्टा बांधलाय म्हणून मी एकदा दोन कट्टे एकदम उचलले! कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या नियॉश या संस्थेने 1994 मध्येच सांगून ठेवलंय, धडधाकट कामगाराची इजा पट्ट्याने टळते याला पुरावा नाही. विकणारा हे कशाला सांगेल.

त्याच संस्थेच्या हिशोबात ओझं अंगालगत, कमरेच्या उंचीला, न वळता उचललं तरी मर्यादा 23 किलो. म्हणजे आपलं पन्नासचं पोतं दोघांनी धरलं तरी वाटणीला पंचवीस येतात. हे शेठना दाखवलं, दोन महिने पाठपुरावा केला, तेव्हा कुठे हँड पॅलेट ट्रक आला, म्हणजे पॅलेटखाली (माल रचायची लाकडी चौकट) काटे घालून माल उचलून नेणारी हातगाडी. अडीच टनाचा, आम्ही ट्रॉलीच म्हणतो. काटे खाली असताना जमिनीपासून 85 मिलिमीटर, लाकडी पॅलेटखाली बरोबर शिरतात. गाडीपासून थप्पीपर्यंत पोती पाठीवर वाहणं बंद झालं. आता थप्पीच्या तळाशी दोन रिकामी पॅलेट टाकतो, त्यामुळे शेवटचं पोतंसुद्धा जमिनीवरून उचलावं लागत नाही. माझ्या मते कमरेला सगळ्यात जास्त आराम या फुकटच्या युक्तीने पडला.

तक्रारी आहेतच. उखडलेल्या शहाबादी फरशीवर पुढची चाकं अडकतात. दाराच्या उंबऱ्यावर लोखंडी पत्रा टाकावा लागला. नायलॉनच्या चाकांचा खडखडाट इतका की फोन ऐकू येत नाही. घेताना पॉलियुरेथेनची चाकं मागा. भरलेली ट्रॉली ओढण्यापेक्षा ढकला, ओढताना हात मागे राहतो आणि कंबर पिळली जाते.

वरच्या थप्पीला अजून हातच लावावा लागतो. तिथे आमच्या हमालमामांचं ऐकतो: "पाय फिरव रे, कंबर नको." त्यांनी पट्टा कधी बांधला नाही. माझा खिळ्याला टांगलाय, धुवायचा राहिलाय.