शेजारच्या पालिकेकडून करारावर रस्त्यांची देखभाल: काही महिन्यांनंतरचा अनुभव

आमची नगरपालिका लहान. ग्रेडर, पेव्हर, रोलर अशी रस्त्याच्या कामाची यंत्रं विकत घेऊन वर्षातले बहुतेक दिवस उभे ठेवणं परवडत नव्हतं आणि रस्त्यांचा जाणकार अभियंता आमच्या पगारात टिकत नव्हता. म्हणून शेजारच्या मोठ्या पालिकेशी करार केला. यंत्रं, माणसं, अभियंते त्यांचे; पैसे आमचे. प्रकार नवा नाही. कॅलिफोर्नियातलं लेकवुड शहर १९५४ मध्ये स्थापन झालं तेव्हा पोलिसांपासून रस्त्यांपर्यंतच्या सेवा त्याने लॉस एंजेलिस काउंटीकडून करारावर घेतल्या आणि तिथल्या अनेक लहान शहरांनी पुढे तोच कित्ता गिरवला.

आम्हाला वाटलं होतं यंत्रांचा फायदा होईल. तो झालाच, पण खरी किंमत वसूल झाली ती अभियंत्यांची. एका वळणावरचा खड्डा आम्ही दर पावसाळ्यानंतर बुजवत होतो. त्यांच्या अभियंत्यांनी आधी खड्ड्याकडे पाहिलंच नाही. साईडपट्टीवरून खाली उतरून मोरीचं, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायच्या वाटेचं, तोंड बघितलं. ते गाळाने बंद होतं, पाणी रस्त्याखाली मुरत होतं. मोरी साफ झाल्यावरच खड्डा हाती घेतला: कडा कापून चौकोन, सैल खडी बाहेर, आत-बाजूंना डांबराचा पातळ हात, मग डांबर-खडीचा गरम माल आणि लगेच रोलर. माल थंड झाला की मग रोलर कितीही फिरवा, नीट दबत नाही. पूर्वी आमच्याकडे खड्ड्यात माल टाकून फावड्याने थोपटायचे. त्यांनी बुजवलेला पॅच मात्र अजून शाबूत आहे.

आता तक्रारी. बिल तासांवर आणि तास मोजायचे डेपोतून निघाल्यापासून परत डेपोत पोहोचेपर्यंत. एकदोन खड्ड्यांसाठी रोलर बोलावला की बिलात कामापेक्षा प्रवासच जास्त. त्यामुळे आता कामं साठवून एकाच भागातली एकदम देतो. नागरिकांना हे पटवणं अवघड जातं. दारातला खड्डा कोणाला साठवून ठेवायचाय?

दुसरी तक्रार मोठी. मुसळधार पाऊस आमच्याकडे आणि त्यांच्याकडे एकाच दिवशी पडतो. त्या आठवड्यात आमचा फोन शेवटी. करारात ‘शक्य तितक्या लवकर’ असं लिहिलंय, त्याला काही अर्थ नाही. रस्ता बंद पाडणारं काम किती तासांत, साधा खड्डा किती दिवसांत आणि नाही झालं तर आम्ही बाहेरचा ठेकेदार लावू शकतो का, हे स्पष्ट लिहून घ्यायला हवं. त्यांच्या लोकांवर राग नाही, ते आधी स्वतःच्याच मतदारांना उत्तर देणार. जगात कुठेही हेच होईल.

अंदाजपत्रक त्यांचं, काम त्यांचं आणि झालेलं काम नोंदवायच्या मोजमाप पुस्तिकेवर सहीही त्यांचीच, हे मला पहिल्यापासून खटकतं. म्हणून आमच्या पालिकेने आपला एक कनिष्ठ अभियंता ठेवलाय. तो थराची जाडी मोजतो, मालाच्या गाडीची वेळ टिपतो. यावरून एकदा कुरबूर झाली, पण बिलातले तासही कमी झाले.

नूतनीकरण करतोय, पण एकाच वर्षाचं. दोन्ही हद्दींवरच्या रस्त्याचा खर्च कोणी किती उचलायचा, हा वाद मात्र अजून तसाच आहे आणि तो रस्ताही.