बोन मॅरो स्लाइड्सचं सेकंड ओपिनियन : ५ पैकी ४ स्टार

आईला मल्टिपल मायलोमा (प्लाझ्मा सेल्स या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर) निघाला तेव्हा पहिला बोन मॅरो म्हणजे हाडातल्या मगजाचा रिपोर्ट जेमतेम सात-आठ ओळींचा होता, प्लाझ्मा सेल्स वाढल्यात एवढंच कळत होतं, म्हणून डॉक्टरच म्हणाले की ब्लॉक (मेणात बसवलेला सॅम्पलचा तुकडा) आणि स्लाइड्स दुसऱ्या पॅथॉलॉजी लॅबला रिव्ह्यूला पाठवा. त्या दुसऱ्या लॅबच्या सर्व्हिसबद्दल लिहितेय.

काम एकदम मनापासून केलेलं. पहिल्याच पानावर हाडाचा तुकडा किती लांब आहे आणि त्यातला किती भाग नीट वाचता येतोय ते लिहिलेलं, जे आधीच्या रिपोर्टमध्ये कुठेच नव्हतं. सुईने ओढलेल्या पातळ सॅम्पलमध्ये पेशी दिसतात पण त्यांची मांडणी मोडून जाते, त्यामुळे मॅरोमधल्या रक्तवाहिन्या बघायच्या तर कमरेच्या हाडाचा अख्खा तुकडाच लागतो. यांनी त्याच ब्लॉकवर रक्तवाहिन्या रंगवून दाखवणारा सीडी३४ स्टेन करून फोटोही जोडला होता. निळसर पेशींच्या गर्दीत तपकिरी ठिपके, मध्येच एखादी लांब वाकडी रेघ, त्या सगळ्या बारीक रक्तवाहिन्या. आईच्या हाडात हे चाललंय हे बघून मी बराच वेळ तो फोटो बंदच केला नाही.

आता एक स्टार का कापला ते. रिपोर्ट शुक्रवारी संध्याकाळी मोबाइलवर आला आणि त्यात ठळक अक्षरात एक ओळ, मायक्रोव्हेसल डेन्सिटी (बारीक रक्तवाहिन्या किती दाट आहेत) १४, वाढलेली. बस. नॉर्मल किती, कसं मोजलं, काहीच नाही. मी आणि ताई रात्रभर शोधत बसलो आणि सगळीकडे एकच वाचलं की वाहिन्या जास्त म्हणजे आजार जास्त जोरात, आयुष्य कमी. दोन दिवस आईसमोर नॉर्मल चेहरा ठेवणं काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच कळेल.

सोमवारी फोन केला तर पॅथॉलॉजिस्ट मॅडम स्वतः बोलल्या, अजिबात घाई न करता. म्हणाल्या की मायलोमाच्या पेशी व्हीईजीएफसारखी प्रोटीन्स सोडतात, त्याने मॅरोत नवीन वाहिन्या फुटतात, आणि आजूबाजूच्या पेशी बदल्यात आयएल-६ नावाचं प्रोटीन देऊन कॅन्सरच्याच पेशींना पोसतात, म्हणजे दोघं एकमेकांना वाढवतात. तुम्ही वाचलंत ते चूक नाही. २००२ मध्ये मेयो क्लिनिकच्या टीमने ४०० पेशंट्सचे मॅरो मोजले होते, त्यात मधला आकडा एमजीयूएसमध्ये (मायलोमाच्या आधीची, कॅन्सर नसलेली स्थिती) ३, स्मोल्डरिंगमध्ये (अजून त्रास न देणारा मायलोमा) ४, नव्या मायलोमात ११ आणि आजार उलटलेल्यांमध्ये २० आला, आणि ज्यांच्यात वाहिन्या जास्त होत्या ते कमी जगले. पण तुमचे १४ त्यांच्या ११ शेजारी ठेवू नका, कारण कुणी सगळ्यात दाट जागा निवडून मोजतं, कुणी सरासरी काढतं, कुणी सीडी३१ हा वेगळा स्टेन वापरतं, लॅब बदलली की आकडा बदलतो. म्हणूनच स्टेज ठरवताना हा आकडा धरतच नाहीत, तिथे रक्तातलं बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन, अल्ब्युमिन, एलडीएच आणि फिश नावाच्या टेस्टमधले गुणसूत्रांचे बदल बघतात, असं त्या म्हणाल्या. आणि इकडे आईचा फिश रिपोर्ट हातात असताना मी या एका ओळीवर रडत होते.

हेच चार वाक्यांत रिपोर्टमध्ये लिहिता आलं असतं ना! फोन सगळेच करतात असं नाही, आणि सगळ्यांना विचारायचं सुचतही नाही.

मॅडमनी अजून एक सांगितलं जे मला माहीतच नव्हतं. आईला चालू असलेली लेनालिडोमाइडची कॅप्सूल ही थॅलिडोमाइडच्याच घरातली. गर्भातल्या बाळांना इजा होते म्हणून १९६१ मध्ये बाजारातून काढलेलं ते औषध मायलोमात वापरून बघितलं गेलं ते नवीन रक्तवाहिन्या थांबवतं म्हणूनच, १९९९ मध्ये ८४ पेशंट्सवरचा अभ्यास आला आणि साधारण तिसऱ्या हिश्श्याला फायदा दिसला, तेही दुसऱ्या उपचारांना दाद न देणाऱ्यांमध्ये. पुढे २०१० मध्ये कळलं की ते पेशीतल्या सेरेब्लॉन नावाच्या प्रोटीनला जाऊन चिकटतं, म्हणजे औषधाचा मोठा परिणाम वाहिन्यांवरून नाही, भलत्याच वाटेने होत होता. मला हे ऐकून फार बरं वाटलं, का ते नीट सांगता येत नाही, पण त्या तपकिरी रेघांमुळेच कुणाला तरी ते औषध आठवलं आणि आज ते आईच्या डब्यात आहे.

तुम्ही पाठवणार असाल तर लॅबला आधीच सांगा की असा आकडा देणार असाल तर मोजण्याची पद्धत आणि तुमच्याकडची नॉर्मल रेंज शेजारी लिहा. आणि पुढची बायोप्सी त्याच लॅबला द्या, तरच दोन आकडे शेजारी ठेवता येतील. आमचीही तिथेच जाणार आहे. ब्लॉक आणि स्लाइड्स मात्र नंबर टाकून, नीट पॅक करून परत आल्या, मी त्या आईच्या फाइलसोबत कपाटात ठेवल्यात.