सारखी एमसीबी पाडणारा विंडो एसी: वर्षभर वापरल्यानंतरचा अनुभव

दीड टनाचा, इन्व्हर्टर नसलेला साधा विंडो एसी मागच्या उन्हाळ्याच्या तोंडावर घेतला. थंडाव्याबद्दल तक्रार नाही. आवाज आहे. कॉम्प्रेसर खिडकीतच असल्यावर तो येणारच, त्यामुळे झोप सावध असेल तर आधी कुठेतरी चालू मशीन ऐकून या. सगळी नळी कारखान्यातच जोडून येते, म्हणून स्प्लिटसारखी जोडावरून गॅस गळण्याची धास्ती कमी. फिल्टर समोरून निघतो, पाण्याखाली धरला की झालं.

पण मधले काही आठवडे या एसीने फार छळलं. भर दुपारी अर्धा-पाऊण तास चालला की एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप वीज तोडणारा बोर्डातला स्विच) खाली. दुसरा त्रास वेगळाच. वीज जाऊन आली की कॉम्प्रेसर सुरू होताना खाडकन पडायची. बघायला आलेल्या पहिल्या मेकॅनिकने पाच मिनिटांत निकाल दिला, कॉम्प्रेसर गेला. हे ऐकलं की माणूस घाबरतो आणि हो म्हणून टाकतो. कृपा करून म्हणू नका. आधी क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजायचं यंत्र) लावायला सांगा.

दुसऱ्याने तो लावला. भर उन्हात मशीन 8.4 अँपिअर घेत होतं. मशीनच्या पाटीवर छापलेल्या करंटपेक्षा थोडं जास्त, पण एमसीबी 16 अँपिअरची! एवढ्याला ती पडायचं कारणच नाही. म्हणजे ती करंटने नाही, दुसऱ्याच कशाने तरी तापत होती. मेन बंद करून बोर्ड उघडला तर एमसीबीच्या खालचा स्क्रू ढिला आणि वायरचं आवरण काळपट पडलेलं. ढिल्या जोडावर उष्णता तयार होते, ती एमसीबीच्या आतल्या पट्टीला लागते, आणि ओव्हरलोड झाल्यावर वाकणारी ती पट्टी ओव्हरलोड नसतानाच वाकते. अर्धा तास लागत होता तो याच तापण्याला.

सुरू होतानाच्या त्रासाचं उत्तरही त्याच बोर्डात निघालं. एमसीबी ‘बी’ प्रकारची होती. ही तिच्या रेटिंगच्या 3 ते 5 पट करंटला क्षणात पडते, ‘सी’ प्रकारची 5 ते 10 पटीला. कॉम्प्रेसर उठताना चालू करंटच्या कितीतरी पट खेचतो. त्यात वीज लगेच परत आली, तर आतला गॅसचा दाब दोन्ही बाजूंना सारखा झालेला नसतो, मोटर अडकते आणि खेच आणखी लांबते. म्हणून 16 अँपिअरचीच, पण सी प्रकारची एमसीबी बसवली, वायरचं जळकं टोक कापून नवं घट्ट आवळलं आणि स्टॅबिलायझरवर तीन मिनिटांचा डिले ठेवला, म्हणजे वीज आल्यावर तेवढं थांबूनच एसीला ती मिळते. त्यानंतर दोन्ही त्रास थांबले.

एकाने 32 ची एमसीबी टाका, पडणारच नाही, असंही सुचवलं होतं. हे कोणी सुचवलं तर ठाम नाही म्हणा. एमसीबी भिंतीतली वायर वाचवायला असते. वायर तीच ठेवून एमसीबी मोठी केली, तर पडायच्या ऐवजी वायर जळेल.

करंट पाटीपेक्षा जास्त का होता, तेही शोधलं. मशीन खिडकीतून ओढून मागची कॉइल पाहिली तर पंख्याच्या बाजूने चिखलाचा थर. या मॉडेलमध्ये मागचा पंखा तळाशी साचलेलं पाणी कॉइलवर उडवतो. त्याने कॉइल थंड राहते, पण ओलाव्यावर धूळ चिकटते आणि ती बाहेरून दिसतही नाही. कॉइल हलक्या धारेने धुतली, पूर्ण सुकू दिली. करंट 7.6 वर आला आणि खोलीही लवकर गार होऊ लागली. वर्षातून एकदा मशीन बाहेर काढून हे करायलाच हवं. नुसता फिल्टर धुणं म्हणजे सर्व्हिसिंग नव्हे.

तुमच्याकडे असं होत असेल तर एसी नुसत्या फॅनवर चालवून बघा. फॅनवर एमसीबी टिकते आणि कॉम्प्रेसर उठताना पडते, तर कपॅसिटर (मोटरला सुरू व्हायला मदत करणारा भाग) तपासून घ्या. तो फुगलेला दिसला किंवा मोजल्यावर छापलेल्या आकड्यापेक्षा बराच कमी भरला, तर बदला. ती स्वस्तातली दुरुस्ती आहे. पण एमसीबी न पडता शेजारची आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडत असेल तर गोष्ट गंभीर. ती 30 मिलिअँपिअर गळतीलाही पडते, म्हणजे करंट कुठेतरी अर्थकडे जातोय. पुन्हा पुन्हा वर करून बघू नका, प्लग काढा आणि कॉम्प्रेसरला मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून घ्या.

एसी घ्यायला हरकत नाही. मी पुन्हा हाच घेईन. बसवायला येणाऱ्या माणसाकडून मात्र त्याच दिवशी मशीन चालू असतानाचा करंट मोजून घ्या आणि तो आकडा वॉरंटी कार्डावर लिहून ठेवा. पुढे काही बिघडलं तर तुलनेला तोच हाताशी असतो.