तीन मजली मातीचा कंपोस्टर: मडकी पास, सोबतचं सामान काठावर

चौघांच्या घरात रोज पाऊण ते एक किलो ओला कचरा निघतो. तो बाल्कनीच्या कोपऱ्यात जिरवायचा असेल, तर भाजलेल्या मातीचा तीन मजली कंपोस्टर, म्हणजे कचऱ्याचं खत करणारी मडक्यांची उतरंड, हा भरवशाचा प्रकार आहे. प्लास्टिकची बंद बादली हलकी असते, पण तिच्यात ओल कोंडते. मातीचं मडकं पाझरतं आणि जास्तीचं पाणी भिंतीवाटे उडून जातं. बाहेरून पांढरी पापडी धरली तर ते क्षार आहेत, कोरड्या ब्रशने झाडून टाकावेत.

रचना साधी आहे. वरच्या दोन मडक्यांच्या बुडाला दोरीची जाळी, तळाचं मडकं बंद बुडाचं, बाजूंना हवेची भोकं आणि वर झाकण. जाळीवर वर्तमानपत्राचे दोन कागद, त्यावर तीन-चार बोटं कोरडा माल (कोकोपीट, वाळका पाला किंवा भुसा) आणि मग कचरा. साधारण वीस लिटरचं मडकं तीन आठवड्यांत भरतं. भरलं की ते मध्ये, मधलं रिकामं वर. पुन्हा भरलं की मधला ऐवज तळात ओतून अदलाबदल करायची. पहिलं खत अडीच महिन्यांच्या आसपास हाती येतं. घरात सहा-सात माणसं असतील तर मडकं दोन आठवड्यांतच भरतं आणि तळात कच्चाच माल पोचतो. अशा घरांनी चौथं मडकं किंवा भोकं पाडलेली गोणी सोबत ठेवावी. विक्रेते हे सहसा सांगत नाहीत.

खरी उणीव मात्र मडक्यात नाही, सोबत मिळणाऱ्या सामानात आहे. बहुतेक संचांत कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या दाबलेल्या भुशाची, एकच छोटी वीट असते. साडेसहाशे ग्रॅमची वीट भिजून फुगली की आठ-नऊ लिटर भरते. रोजच्या कचऱ्यावर लिटरभर कोकोपीट लागतं, म्हणजे वीट आठवडाभरात संपते. नेमका दुसऱ्या आठवड्यापासून वास सुटतो, लोक कंटाळून नाद सोडतात आणि मडक्यात पुढे झाडं लावली जातात! म्हणून पाच किलोची वीट आधीच आणून ठेवावी, ती चौघांना दोन महिने पुरते. सोसायटीतला वाळका पाला फुकट मिळतो, पण तो चुरून दुप्पट घालावा लागतो. सुताराकडचा भुसा चालेल, पण निव्वळ लाकडाचा. प्लायवूड आणि एमडीएफच्या भुशात डिंकाची रसायनं असतात.

वास कसला आहे ते आधी ओळखावं. नाकात झोंबणारा, अमोनियासारखा वास म्हणजे नत्र जास्त झालं, त्यावर कोरडा माल वाढवला की पुरे. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे पाणी साचून हवा तुटली. तेव्हा नुसतं वरून भुरभुरून भागत नाही, काठीने बुडापर्यंत हलवावं लागतं. मूठ दाबून पाहावी: ओलसर लागली पण थेंब गळला नाही तर बरोबर. आमटीचं पाणी, तेलकट रस्सा, मासे आणि हाडं यात घालू नयेत. करवंटी आणि आंब्याची कोय वर्षभर तशीच राहते. निर्माल्यातला दोरा आधी काढावा. आंब्याच्या दिवसांत साली उघड्या राहिल्या की चिलटं येतात, त्यामुळे वर दोन बोटं कोकोपीट हवंच. जाड, राखाडी अळ्या दिसल्या तर बहुधा त्या काळ्या सोल्जर माशीच्या असतात. त्या कचराच फस्त करतात, पण किळस येत असेल तर कोरडा माल वाढवावा.

जाळीला काथ्या किंवा ताग असेल तर ती कुजून तुटते आणि वरचा ऐवज खालच्यात कोसळतो. नायलॉनची दोरी मागून घ्यावी. कल्चरची (कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंची) पुडी पहिल्या खेपेपुरती ठीक, पुढे आंबट ताक किंवा मूठभर जुनं खत तेच काम करतं.

एवढा खटाटोप कशासाठी, हे पुण्याजवळच्या फुरसुंगी आणि उरुळी देवाची या गावांना विचारावं. शहराचा कचरा वर्षानुवर्षं तिथल्या डेपोवर गेला आणि 2017 मध्ये आगीनंतर गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. ओला कचरा दाबून ढीग रचला की आत हवा राहत नाही, मिथेन तयार होतो आणि गळणारं काळं पाणी जमिनीत मुरतं. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घरोघरी ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा करण्याची जबाबदारी टाकली. 5,000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या वसाहतींना शक्यतो आवारातच ओला कचरा जिरवायला सांगितलं. पालिकेची गाडी आणि घरातलं मडकं एकमेकांना पर्याय नाहीत. ओल्याने बरबटला नाही तर सुका कचरा वेचकांना विकता येतो, ही त्यातली पैशाची बाजू. पुणे महापालिका गांडूळखत, सौर ऊर्जा आणि पर्जन्यजल प्रकल्पांना मिळकतकरात 5 ते 10 टक्के सवलत देते, पण बाल्कनीतल्या एका कंपोस्टरवर ती मिळेल असं धरून खरेदी करू नये. आधी क्षेत्रीय कार्यालयात विचारावं.

तयार खत काळं, भुसभुशीत आणि पहिल्या पावसाच्या मातीसारख्या वासाचं असतं. ते चाळून एक भाग खताला तीन भाग माती घ्यावी. चाळणीत राहिलेला जाडाभरडा ऐवज फेकायचा नाही, वरच्या मडक्यात विरजण म्हणून परत घालायचा.