चेंबर नटच्या नावाखाली होणारी फसवणूक

ऑइल बदलायला दुचाकी लावली की थोड्या वेळाने एक वाक्य कानावर येतं: "साहेब, चेंबरचे आटे गेलेत, नवीन नट टाकावा लागेल." चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाचा ऑइल साठणारा भाग, आणि जुनं ऑइल काढायचं त्याचं भोक हा नट बंद करतो. नाशिकच्या सातपूर नाहीतर अंबडची पाळी गाठायची असते, माणूस घाईत "टाका" म्हणतो. नटाचे पैसे किरकोळच असतात. खरा खर्च पुढे येतो. महिना-दोन महिन्यांनी गाडीखाली तेलाचा डाग पडायला लागतो आणि तोच मेकॅनिक सांगतो, "आता क्रँककेसच, म्हणजे इंजिनाचं बाहेरचं कवचच, बदलावं लागेल."

अशा गाडीतून जो नट निघतो, तो बहुतेक वेळा मूळ मापाचा नसतोच. तो ओव्हरसाइज असतो. त्याच्या पहिल्या काही आट्यांवर उभी खाच मारलेली असते आणि जाडी मूळ नटापेक्षा जराशी जास्त असते. तो आधीच्या आट्यांत बसत नाही, अल्युमिनियम कापत स्वतःचे आटे पाडतो. आटे खरोखर गेले असतील आणि गिऱ्हाइकाला तसं सांगून टाकला असेल, तर तात्पुरता इलाज म्हणून तो चालतो. पण शाबूत आट्यांत "ओरिजिनल" म्हणून तो पिळला, की मूळ नट त्या भोकात पुन्हा धरत नाही. शिवाय कापलेला कीस इंजिनात पडतो. त्यावर "चुंबकाचा नट आहे, सगळं पकडतो" असंही सांगतात. चुंबक लोखंड पकडतो, अल्युमिनियम नाही, आणि चेंबर अल्युमिनियमचं असतं.

मुळात आटे गेलेत का, हे आधी पाहायचं. नट काढायला लावा आणि स्वतः हातात घ्या. आटे गेले असतील तर नटाच्या खाचांत चंदेरी, स्प्रिंगसारखा गुंडाळलेला अल्युमिनियमचा पदर अडकलेला दिसतो. आवळताना नट कडक न होता नुसता फिरत राहतो. यातलं काहीच नसेल आणि तरी थेंब गळत असेल, तर दोष बहुधा वायसरचा. तांब्याचा किंवा अल्युमिनियमचा हा वायसर एकदा दबला की पुन्हा तसा बसत नाही. तो दर ऑइल बदलाला नवा टाकायचा असतो, पण बरेच जण जुनाच लावतात, किंवा गळती थांबावी म्हणून दोन एकावर एक ठेवतात. दुसरा वायसर दीड मिलिमीटर जाडीचा धरला, तर नटाचा साधारण एक आख्खा आटा पकडीतून जातो. टेफ्लॉन टेप गुंडाळणं त्याहून वाईट, तिचे तुकडे ऑइलच्या जाळीवर जाऊन बसतात. एम-सील लावलेला नट पुढच्या वेळी निघताना आटे सोबत घेऊनच निघतो.

नट खरंच बदलायचा असेल तर मापाला पर्याय नाही. रोजच्या वापरातल्या बऱ्याच गाड्यांना १२ मिलिमीटर जाडीचा, १.५ पिचचा (पिच म्हणजे लागोपाठच्या दोन आट्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये) नट असतो. काहींना १२ × १.२५, काहींना १४ × १.५. नटबोल्टच्या दुकानात मिळणारा साधा १२ चा बोल्ट मात्र १.७५ पिचचा असतो. १२ चे हे तिन्ही बोल्ट डोळ्यांना सारखेच दिसतात, आणि "बसतो, बसतो" म्हणत चुकीचा बोल्ट नेमका इथेच गळ्यात मारला जातो. दोन-तीन फेरे तो जातोही. मग अडतो, आणि लांब दांड्याच्या पान्याने रेटला की चेंबरचे आटे उडतात.

पिच गेज नसेल तरी माप घेता येतं. एका आट्याच्या टोकापासून पुढचे सहा आटे व्हर्निअरने मोजा: ९ मिलिमीटर भरले तर १.५ पिच, ७.५ भरले तर १.२५, १०.५ भरले तर १.७५. त्याहून सोपं म्हणजे जुना नट सोबत न्या आणि नव्याच्या आट्यांत त्याचे आटे आडवे बसवून उजेडाकडे धरा. मधून फट दिसली तर तो नट घेऊ नका. डोक्याखालची लांबीही जुन्याशी जुळवा. लांब नट आत एखाद्या भागाला लागू शकतो, आखूड नट दोन-तीन आट्यांवरच लटकतो.

बसवताना पहिले चार-पाच फेरे बोटांनीच जायला हवेत. पाना लावावा लागला तर थांबा, नट तिरका चाललाय किंवा चुकीचा आहे. १२ चा नट आवळायला सर्वसाधारणपणे २० ते ३० न्यूटन-मीटर जोर पुरतो, नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला घ्या. स्लाइड पान्याने डोकं गोल होतं, म्हणून मापाचा रिंग पाना किंवा सॉकेटच वापरा.

आटे खरोखर गेले असतील तरी क्रँककेस बदलण्याची घाई करू नका. त्यासाठी सगळं इंजिन उघडावं लागतं. शिवाय इंजिन क्रमांक क्रँककेसवरच कोरलेला असतो, त्यामुळे आरसीच्या नोंदीचा प्रश्न उभा राहतो. सातपूर-अंबडसारख्या औद्योगिक वसाहतीच्या शहरात हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची, नवे आटे देणारी तारेची कॉइल) बसवणारा माहीतगार कारागीर शोधणं अवघड नाही. १२ च्या नटासाठी भोक साधारण साडेबारा मिलिमीटरचं करून हेलिकॉइलचाच खास टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, मारतात. टॅपला भरपूर ग्रीस हवं, म्हणजे कीस त्यालाच चिकटतो. कॉइल पृष्ठभागापासून पाव ते अर्धा आटा आत बसली पाहिजे, वर आली तर वायसर टेकत नाही. कॉइलच्या टोकाची दांडी तोडावी लागते. ती तुटलेली दांडी हातात मागून घ्या, नाहीतर ती इंजिनात राहते. शेवटी नट न लावता थोडं ऑइल वरून ओतून कीस धुऊन काढायला सांगा.

सुट्या पिशवीतला "ओरिजिनल" नट नाकारायला संकोच करू नका. पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता, किंमत, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला हवा. बिल मागा, त्यात "ओव्हरसाइज" की "मूळ माप" हे लिहून घ्या. बिल नाकारणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापार प्रथा आहे. फसवणूक झालीच तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. त्यानेही भागलं नाही तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, आणि दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क नाही. काढलेला जुना नट, लावलेला नवा नट, आट्यांत अडकलेला कीस आणि बिल एका पाकिटात घालून ठेवा. दुसऱ्या कारागिराकडून गाडी दुरुस्त करून घेण्याआधी भोकाचे आणि दोन्ही नटांचे फोटोही काढा, कारण हेलिकॉइल बसली की जुन्या आट्यांचा पुरावा उरत नाही.