पीएस फोर स्लिमला २ टीबीची हार्ड डिस्क: सात-आठ महिने वापरल्यावर

आधीच सांगून टाकतो, एक्स्टर्नल हार्ड डिस्क लावली म्हणून पीएस फोर (सोनीचा प्लेस्टेशन ४ हा गेमिंग कन्सोल, माझा त्यातला स्लिम) फास्ट होत नाही. मला विचारणाऱ्या निम्म्या लोकांना तेच हवं असतं आणि हे ऐकलं की त्यांचा चेहरा पडतो. जागा मिळते, बस. पण ज्याच्याकडे ५०० जीबीवालं मॉडेल आहे त्याला ही जागाच किती लागते ते माहितीये.

खोक्यावर ५०० लिहिलेलं असतं, वापरायला मिळतात चारशेच्या आसपास. आणि गेमची सीडी विकत आणली तरी पूर्ण गेम हार्ड डिस्कवर इन्स्टॉल होतोच कारण ती सीडी म्हणजे ब्लू-रे असते आणि ती वाचायचा स्पीड खेळायला पुरत नाही, सीडी आत असली की गेम तुमचा आहे एवढंच कन्सोलला कळतं. रेड डेड रिडेम्प्शन टू तर दोन सीड्यांवर येतो, एकटाच शंभर जीबी खातो. त्यावर अपडेटचा तमाशा वेगळाच, अपडेट बारकंसं असलं तरी कन्सोल आधी गेमची कॉपी बनवत बसतो आणि त्यासाठी गेमएवढी मोकळी जागा मागतो, मग काय, उडवा काहीतरी. आमच्याकडे मी, धाकटा भाऊ आणि शनिवार-रविवारी मावशीची पोरं असं सगळं एकाच कन्सोलवर चालतं त्यामुळे "माझा गेम कुणी उडवला" ही भांडणं ठरलेली. शंभर जीबीचा गेम परत डाऊनलोड करायचा म्हणजे १०० एमबीपीएसचं नेट पूर्ण स्पीडने चाललं तरी सव्वादोन तास, आणि ते पूर्ण स्पीडने कधी चालतं!

मग तपकीर गल्लीत (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) चक्कर मारून २ टीबीची साधी पोर्टेबल डिस्क घेतली. कुठलीही चालते, फक्त यूएसबी ३.० हवी आणि साइज २५० जीबी ते ८ टीबीच्या मधे हवा. मोठी डेस्कटॉपवाली घेऊ नका, तिला वेगळा ॲडॉप्टर लागतो आणि आपल्या टीव्ही युनिटमागे आधीच वायरींचा गुंता असतो, छोटीला पॉवर यूएसबीतूनच मिळते. ही सोय मार्च २०१७ मधल्या ४.५० अपडेटपासून आहे, म्हणजे कपाटात पडलेला जुना पीएस फोर काढणार असाल तर आधी सॉफ्टवेअर अपडेट करून घ्या.

लावणं सोपंय. सेटिंग्ज, डिव्हायसेस, यूएसबी स्टोरेज डिव्हायसेस, तिथे फॉरमॅट ॲज एक्स्टेंडेड स्टोरेज. यात डिस्कवरचं सगळं उडतं, सगळं म्हणजे सगळं, आणि नंतर ती डिस्क कन्सोलचीच होऊन जाते. अर्ध्यात गेम आणि अर्ध्यात पिक्चर असं नाही जमत. आमच्या बाबांनी एकदा ती लग्नाच्या फोटोंची समजून लॅपटॉपला लावली, विंडोजने लगेच विचारलं फॉरमॅट करू का, आणि ते यस दाबणार तेवढ्यात भाऊ धावत आला. तेव्हापासून तिच्यावर मार्करने "गेम" लिहून ठेवलंय.

फॉरमॅटनंतर नवे गेम आपोआप बाहेरच्या डिस्कवर जातात. जुने हलवायला स्टोरेजमधे जाऊन ऑप्शन्स बटणावरून मूव्ह करायचं, मोठ्या गेमला बराच वेळ लागतो, लावून जेवायला जा. सेव्ह फाइल, स्क्रीनशॉट, थीम हे मात्र आतच राहतं, त्यामुळे डिस्क गेली तरी तुमची करिअर मोडची मेहनत वाचते. मला ही गोष्ट फार आवडली, खरं सांगायचं तर याच भरवशावर मी स्वस्तातली डिस्क घेतली.

लोडिंगचं म्हणाल तर घड्याळ लावून बसलो नाही पण आतल्या डिस्कइतकंच वाटतं, कधीकधी किंचित लवकर. वेग हवा असेल तर एसएसडी (चिपवाली, जास्त वेगवान डिस्क) लावा, यूएसबीवरून लावली तरी लोडिंगला फरक पडतो, पण तेवढ्याच जागेला पैसे बरेच जास्त आणि या वयाच्या कन्सोलवर तेवढा खर्च मला तरी पटला नाही.

आता त्रास. स्लिमला यूएसबी पोर्ट दोनच, दोन्ही पुढे. एक डिस्कने कायमचा अडवला, हब (एका पोर्टचे अनेक करणारा डबा) लावून ही डिस्क चालत नाही, थेटच जोडावी लागते. म्हणजे दोन रिमोट एकदम चार्ज करायची बोंब. आम्ही दुसरा मोबाइलच्या साध्या चार्जरवर लावतो, होतो व्यवस्थित. शिवाय काळी वायर समोर लोंबत राहते, आई दर दिवाळीच्या साफसफाईला तिच्यावरून बोलणार हे आता गृहीत धरलंय.

खरा वैताग लाईटचा. पुण्यात गुरुवार म्हणजे मेंटेनन्स, लाईट कधी जाईल नेम नाही, आणि भावाला सवय कन्सोल रेस्ट मोडमधे (पूर्ण बंद न करता नुसता झोपवून) ठेवून कॉलेजला जायची. रेस्ट मोडमधे डिस्क चालूच धरलेली असते, लाईट गेली की ती तोडून काढल्यासारखी होते आणि पुढच्या वेळी चालू करताना कन्सोल ओरडतो, मग स्टोरेज तपासत बसतो. डेटा अजून गेला नाहीये पण दर वेळी पोटात गोळा येतो. शेवटी इलेक्ट्रिशियनला बोलावून टीव्हीचा पॉइंट इन्व्हर्टरवर घेतला आणि बुधवारी रात्री कन्सोल पूर्ण बंद करायचा असा घरात नियम केला. डिस्क काढायचीच असेल तर पीएस बटण दाबून धरायचं, साउंड/डिव्हायसेसमधे जाऊन स्टॉप यूजिंग एक्स्टेंडेड स्टोरेज करायचं, मगच वायर ओढायची.

एक फायदा घेताना डोक्यातच नव्हता. कोथरूडला आत्येभावाकडे पीएस फाइव्ह आहे, डिस्क तशीच्या तशी तिकडे नेली, माझ्या अकाउंटने लॉगिन केलं आणि पीएस फोरचे गेम तिच्यावरूनच चालू झाले, परत डाऊनलोड नाही काही नाही. फाइव्हचे गेम तिच्यावर नुसते साठवता येतात, खेळता येत नाहीत. आत्येभाऊ आता म्हणतोय डिस्क इकडेच राहू दे, मी म्हणलं तपकीर गल्ली रविवार सोडून कधीही जा.