झिर्कोनियाच्या दराने धातूची कॅप

दीड वर्षापूर्वी ठाण्यात, नौपाड्यातील एका दवाखान्यात माझ्या खालच्या दाढेचे रूट कॅनल झाले. कॅपचा विषय निघाला तेव्हा डॉक्टरांनी काठिण्याचा तक्ता समोर ठेवला. इनॅमलचे, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कडक थराचे, विकर्स काठिण्य साधारण ३०० ते ३५०, तर झिर्कोनियाचे, म्हणजे कॅपसाठी वापरल्या जाणाऱ्या एका पांढऱ्या सिरॅमिकचे, सुमारे १२००. तेव्हा ही कॅप आयुष्यभर पुरेल, असे ते म्हणाले. धातूवर पोर्सिलेन चढवलेली कॅप पाच हजारांना होती, झिर्कोनियाची चौदा हजारांना. मी चौदा हजार भरले.

तक्त्यातील आकडे खोटे नव्हते, पण त्यांचा लावलेला अर्थ चुकीचा होता. विकर्स चाचणीत हिऱ्याचे अणकुचीदार टोक ठरावीक भाराने पदार्थावर दाबतात आणि उमटलेल्या खाचेच्या आकारावरून काठिण्य काढतात. चावताना पदार्थ तडकेल की नाही, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी तो वाकण्याचा ताण किती सोसतो आणि पडलेली चीर कितपत रोखतो हे पाहावे लागते, आणि झिर्कोनियाची खरी ताकद तिथेच आहे. समोरच्या दाताची झीजसुद्धा केवळ काठिण्यावर ठरत नाही. नीट पॉलिश केलेला झिर्कोनिया समोरच्या दाताला फारसा घासत नाही, उलट त्याहून कितीतरी मऊ असलेले पोर्सिलेन खडबडीत झाले की कानशीसारखे काम करते.

चौदा महिन्यांनी भाकरी चावताना कॅपचा टवका उडाला आणि खाली करडा धातू दिसला. झिर्कोनियाची कॅप आतूनही पांढरी किंवा दाताच्या रंगाची असते, तिच्यात धातू नसतोच. दुसऱ्या डॉक्टरांनी वरच्या दाढेवर झिजून सपाट झालेला भागही दाखवला, आणि माझ्या मते पैशांपेक्षा हेच नुकसान मोठे आहे, कारण गेलेले इनॅमल पुन्हा येत नाही. जुनी पावती काढली तर तिच्यावर फक्त ‘दाताची कॅप’ एवढेच लिहिले होते. बसवताना मला आरसा दिला गेला होता, कॅप हातात मात्र दिली नव्हती.

नवी कॅप बसवण्यापूर्वी, सिमेंट लावायच्या आधी, मी ती मागून घेतली आणि उजेडात धरून आतून पाहिली. पावतीवर साहित्याचे नाव लिहून घेतले, लॅबचे वॉरंटी कार्डही घेतले. ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत सर्वसाधारणपणे दोन वर्षांची असते. जुनी पावती, एक्स-रे आणि तो टवका जोडून मी माझी तक्रार तयार केली आहे.